खोलायला दोन दिवस, जोडायला किती?

‘गाडी उघडल्यावर सांगतो.’ जुन्या मोटारी पूर्ववत करून देणाऱ्या कुठल्याही जाणत्या मिस्त्रीला ‘किती दिवस लागतील’ असं विचारलं की हेच उत्तर येतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हा टोलवतोय. खरं तर गाडी न उघडताच ‘गणपतीपर्यंत देतो’ असं सांगणारा भेटला, तर चावी खिशातच ठेवून निघावं. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत रंगाखाली काय दडलंय, आधीच्या मालकांनी कुठे काय जुगाड केलेत, हे मॅट उचलून फ्लोअर बघितल्याशिवाय देवालाही सांगता येणार नाही.

तरी आकडा हवाच असतो. युरोप-अमेरिकेतल्या या धंद्यात, मोठ्या संख्येने बनलेल्या साध्या गाडीच्या संपूर्ण कामाला ढोबळमानाने हजार ते दोन हजार माणसी तास धरतात. संपूर्ण म्हणजे शेवटचा स्क्रू सुटा करून, साफ करून पुन्हा जोडायचा. आठवड्याला चाळीस तास हात चालले तर एका कारागिराचं हे सहा महिने ते वर्षभराचं काम. हेच हजार तास रविवारचे आठ तास देणाऱ्या हौशी माणसाच्या वाट्याला आले की सव्वाशे आठवडे होतात, म्हणजे जवळपास अडीच वर्षं. तेही एकही रविवार लग्नात, बारशात किंवा नुसतं झोपण्यात न घालवता. उलट वीस माणसं रोज सोळा तास लावली तर दोन हजार तास आठवड्यातच भरतात. ‘ओव्हरहॉलिन’ या अमेरिकन मालिकेत चिप फूस आणि त्याची माणसं आठवड्याभरात गाडी पालटून दाखवत, त्यामागे हेच गणित होतं. ती मालिका बघून गॅरेजमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांनी मिस्त्री लोकांचं डोकं किती खाल्लं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

वरच्या टोकाला मर्यादाच नाही. पीटर लिंडनर या जर्मन शर्यतपटूची लाइटवेट ई-टाइप जॅग्वार १९६४ साली पॅरिसजवळच्या माँतलेरी शर्यतमार्गावर चक्काचूर झाली. त्या अपघातात लिंडनरही गेला. पुढे कित्येक वर्षांनी इंग्लंडमधल्या ब्रिजनॉर्थच्या ‘क्लासिक मोटर कार्स’ या कार्यशाळेने तिचा मूळ ॲल्युमिनियमचा पत्रा भंगारात न घालता पुन्हा आकारात आणला. चार वर्षं लागली आणि सुमारे ७,००० तास, त्यातला मोठा हिस्सा पत्र्यावर. नवा पत्रा घडवून घेणं लवकर उरकलं असतं, पण मग त्या गाडीत लिंडनरच्या गाडीचं उरलं काय असतं? लॅम्बोर्गिनीने २०२१ मध्ये दाखवलेल्या काउंटाच एलपी ५०० चे २५,००० तास मात्र या पंक्तीत धरू नयेत. मूळ गाडी १९७४ मध्येच चाचणीत मोडून टाकलेली होती. २०२१ ची गाडी ही फोटो आणि कागदांवरून केलेली नवी घडण.

म्हणजे तास मोजता येतात, आणि थोड्या अनुभवाने त्यांचा अंदाजही बांधता येतो. हुकतं ते कॅलेंडर. माझ्या मते बहुतेक गाड्यांच्या वर्षांमधला मोठा हिस्सा पाना हातात नसताना जातो: पार्टची वाट, प्लेटिंगवाल्याची वाट, पाऊस संपायची वाट आणि पुढचे पैसे जमायची वाट. कामाचे तास किती वाढतील ते गंजावर ठरतं, वाट किती बघावी लागेल ते पार्टवर. म्हणून या दोन गोष्टींकडे नीट बघायला हवं.

गंजाचं आधी. मुंबईत किंवा गोव्यात समुद्राजवळ आयुष्य काढलेली गाडी आणि सोलापूरकडच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी बाहेरून जुळ्या बहिणी दिसतील. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पहिलीच्या फ्लोअरचं आणि दाराखालच्या पेट्यांचं काय केलंय, ते रंग सांगत नाही. आपल्याकडे तर दर तीन-चार वर्षांनी पुट्टी भरून वर रंग मारायची जुनी रीत, त्यामुळे गंजावर गिलाव्याचे थर चढलेले असतात. यावर साधी परीक्षा म्हणजे रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. ते पत्र्यावरून फिरवत न्यायचं. जिथे धरत नाही, तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. दुसरी परीक्षा दाराची: अर्धं उघडून टोकाला धरून वर उचलून बघायचं. दार खालीवर हललं तर एक तर बिजागरीची पिन झिजलीय, नाहीतर बिजागरी ज्या खांबाला आहे तो खांब खालून सडलाय. पहिलं काम एका दुपारचं, दुसरं काही आठवड्यांचं.

यात गाडीची ठेवणही आडवी येते. विलिस किंवा महिंद्राची जुनी जीप चासीवर उभी असते. बोल्ट काढले की बॉडी एकीकडे, चासी एकीकडे. दोघांवर दोन माणसं एकाच वेळी काम करू शकतात. फियाट ११०० आणि ॲम्बेसेडर यांना मात्र वेगळी चासीच नाही. फ्लोअर, दाराखालच्या पेट्या आणि खांब मिळूनच सांगाडा होतो, म्हणून तिथला गंज म्हणजे थेट हाडाचं दुखणं. अशा गाडीचा फ्लोअर कापण्याआधी आतून उभ्या-आडव्या पट्ट्या वेल्ड करून दारांच्या चौकटी जखडून ठेवाव्या लागतात. तसं केलं नाही तर कापल्याबरोबर सांगाडा पाच-दहा मिलिमीटर बसतो, नवा फ्लोअर झकास लागतो आणि दार काही केल्या मिटत नाही. पन्नासच्या दशकातल्या जुन्या फियाटमध्ये, म्हणजे मुंबईकर जिला लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणतात तिच्यात, पुढची दारं उलटी उघडतात. चारही दारांचा भार मधल्या दोन खांबांवर. तो खांब खालून गेलेली डुक्कर फियाट कुणी स्वस्तात देऊ केली तर ती स्वस्त का आहे, हे एवढ्यावरून ओळखावं.

पत्रा सरळ करणारा कारागीर, ज्याला गॅरेजात टिंकरवाला किंवा डेंटर म्हणतात, तो काम करताना बघावा. पत्र्यामागे डाव्या हातात लोखंडी डॉली, पुढून हातोडीचे हलके ठोके, तेही पोच्याच्या मध्यावर न मारता कडेकडेने. पत्रा ताणला गेला असेल तर गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल करायचा, बाजूने ठोकायचं आणि ओलं फडकं लावून एकदम गार करायचा, पत्रा आवळतो. मग तेच ओलं फडकं सगळ्या मडगार्डवरून फिरवून तो तिरक्या उजेडात प्रतिबिंब बघतो आणि शेवटी डोळ्यांवरही विश्वास न ठेवता तळहात फिरवतो. हा माणूस दिवसाला हातभर पत्रा सरळ करतो. त्याला घाई केली तर उरलेला खळगा पुट्टीने भरून देतो, आणि दोन पावसाळ्यांनी तिथेच पापुद्रा सुटतो.

आता पार्ट. इंग्लंडमध्ये एमजीबी घेऊन बसलेल्या माणसाला सडलेल्या बॉडीची चिंता करायचं कारण नाही. ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ ही संस्था १९८८ पासून या गाडीची अख्खी नवी बॉडी विकते. फोक्सवागनची बीटल तर २००३ पर्यंत मेक्सिकोत बनतच होती. दोन कोटींच्या वर गाड्या निघाल्या, त्यामुळे तिचे पार्ट आजही जगभर सापडतात. अशा गाड्यांना वर्ष-दीड वर्ष पुरतं. याउलट तेवढ्याच वयाची एखादी दुर्मिळ इटालियन गाडी एका टेललॅम्पच्या काचेपायी सहा महिने रखडते.

आपल्याकडची गोष्ट याहून मजेदार आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० आणली. १९६४ ची डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी असं करत ती या शतकाच्या उंबऱ्यापर्यंत चालली. नावं आणि पत्रा बदलला तरी इंजिन तेच १,०८९ सीसीचं. आणि पद्मिनी नुसती घरगुती गाडी नव्हती, ती मुंबईची टॅक्सी होती. रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना क्लच प्लेट, गिअर लिव्हरचे बुश, वॉटर पंप सतत लागायचे, म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ते कायम मिळायचे. खासगी पद्मिनी जपणाऱ्या हौशी मंडळींना त्या टॅक्सीवाल्यांचे आभार मानायचं कधी सुचलं नसेल, पण त्यांचा पार्टबाजार त्या टॅक्सींनीच पोसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा भरून शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईकच उरलं नाही म्हटल्यावर दुकानदार नवा माल कशाला भरेल? आज आहे तो साठा, आणि तो उतरणीला लागलेला.

इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे पार्ट त्यातल्या त्यात निघतात. अडतं ते वरच्या सामानावर: डुक्कर फियाटचं बंपर, समोरची जाळी, दाराचं हँडल, स्पीडोमीटरची तबकडी. टॅक्सीवाल्यांनी या गोष्टी कधी मागितल्या नाहीत, म्हणून त्या बाजारात आल्याच नाहीत. स्टँडर्ड हेरल्डची गत त्याहून विचित्र. ही मद्रासला बनलेली, मुळात इंग्लंडमधली ट्रायंफ हेरल्ड. तेव्हा तिकडून पार्ट मागवावेत असं वाटतं आणि यांत्रिक पार्ट मिळतातही. पण चार दारांची हेरल्ड फक्त भारतातच बनली. तिची मागची दारं इंग्लंडमध्ये कुठून मिळणार?

मिळत नाही ते बनवायचं, हा आपला खाक्या. इंग्लंडमध्ये मजुरी महाग म्हणून माणूस पार्ट विकत घेतो. आपल्याकडे पार्ट दुर्मिळ म्हणून लेथवर बुश खरादून घेतो, मडगार्ड हाताने ठोकून घेतो, रबरी बीडिंगसाठी साचा पाडून घेतो. खर्च आटोक्यात राहतो, वेळ वाढतो. शिवाय पहिला नमुना क्वचितच बसतो. दिल्लीचं काश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी फेऱ्या मारणारी मंडळी एका पार्टासाठी गेलेली असतात आणि दुसराच घेऊन येतात. तो पुढे कुणाला तरी अदलाबदलीत उपयोगी पडतो. हा व्यवहार पैशांपेक्षा ओळखींवर चालतो आणि ओळखी जमायलाही वर्षं लागतात.

इंजिनाची धास्ती सगळे घेतात, पण वेळेच्या हिशेबात ते सगळ्यात गुणी. बोअर करून नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग ही कामं शहरातल्या कुठल्याही जुन्या मशिन शॉपला पाठ असतात. पार्ट हाती असतील तर दोन-तीन आठवड्यांत इंजिन परत. दोन गोष्टी तेवढ्या विसरू नयेत. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्या पेट्रोलवर बेतलेल्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट मऊ असतात, हेड खोललंच आहे तर कठीण सीट बसवून घ्याव्यात. आणि आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचे डायफ्रॅम त्याने खराब होतात, आणि गाडी उभी राहिली तर टाकीत पाणी धरून गंज वाढतो. पाच वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या कितीतरी गाड्या यापायी पुन्हा खोलाव्या लागणार.

महायुद्धापूर्वीच्या गाड्यांचं गणित मात्र सर्वस्वी निराळं. बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतून ते खरादणारे हात आता मोजकेच. वरच्या पत्र्याआड लाकडी सांगाडा असतो आणि आपल्या हवेत त्याला वाळवी लागलेली असते, म्हणजे डेंटरच्या आधी सुताराला बोलवायचं. अशा कामाला पाच वर्षं लागली तर कुरकुरू नये. वापरात ठेवलेली गाडी हाच त्यावर इलाज. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक शाही दसऱ्याला आजही दसरा चौकात येते. जी गाडी दरवर्षी ठरलेल्या दिवशी चालायलाच हवी, तिची छोटी दुखणी वेळच्या वेळी काढली जातात.

रंगाचं काम सगळ्यांना शेवटचं आणि सोपं वाटतं. गनने रंग मारायला एक दिवस पुरतो. त्याआधी प्रायमर, सरफेसर आणि वॉटर पेपरने घासणं यांत महिना जातो. जुन्या पद्धतीचा एनसी रंग, ज्याला आपण ब्रँडच्या नावाने ‘ड्युको’ म्हणतो, पावसाळ्यात मारला तर हवेतला ओलावा थरावर धरतो आणि रंगावर दुधाळ छटा येते. म्हणून कोकणपट्टीत जूनच्या आत रंग झाला नाही तर शहाणा पेंटर थेट दसऱ्यानंतरची तारीख देतो. गेले चार महिने. क्रोमचंही तसंच. तांबं, निकेल, क्रोम असे एकावर एक थर चढवावे लागतात, त्याआधी बंपरचा प्रत्येक खळगा भरून पॉलिश. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव हँडलं आणि बोधचिन्हं आतून फुगलेली असतात. प्लेटिंगला टाकली की त्यातली काही परतच येत नाहीत. मिळाली तशी, थोडी डागाळलेली लावावीत, असं माझं मत.

या सगळ्यात मालकाचा हात लागतो तो पहिल्या दोन दिवसांत आणि तोच पुढे महागात पडतो. गाडी खोलताना उत्साह दांडगा असतो. सगळे नटबोल्ट एका डब्यात, वायरिंग ओढून काढलेलं, फोटो एकही नाही. दीड वर्षाने जोडायला बसलं की पंचेचाळीस बोल्ट समोर आणि कुठला कुठे, याचा पत्ता नाही. प्रत्येक जोड सुटा करण्याआधी फोटो, प्रत्येक जोडाच्या बोल्टांना वेगळी पिशवी, पिशवीवर चिठ्ठी: एवढं केलं तर खोलायला दोन दिवसांऐवजी दोन आठवडे लागतात आणि जोडताना कित्येक महिने वाचतात. अर्धवट सोडलेल्या, ‘प्रोजेक्ट कार’ म्हणून विकायला निघालेल्या गाड्या बहुधा याच टप्प्यावर अडकलेल्या असतात. दुसरं कारण पैसा. डेंटिंगमध्ये अंदाजाच्या दुप्पट गेले की गाडी ताडपत्रीखाली जाते आणि गॅरेजवाला तिच्यावर टायर रचायला लागतो. असं पडून राहिलेलं वर्षही मालक ‘रिस्टोरेशनला चार वर्षं लागली’ यात धरतो, हे ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावं.

मग ‘किती करायचं’ हा प्रश्न. जुन्या वाहनांच्या ‘फीवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने जानेवारी २०१३ मध्ये ट्युरिन सनद जाहीर केली. तिचा कल स्पष्ट आहे: आहे ते जपणं पहिलं, पूर्ण रिस्टोरेशन शेवटी. बाजारानेही तीच वाट धरली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला बाय्यों कुटुंबाच्या शेडमधून निघालेली एक धूळभरली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर १.६ कोटी युरोंच्या वर गेली, तिला फडकंही न लावता. आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रतिष्ठेच्या स्पर्धेत पहिला मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला मिळाला. जपून ठेवलेल्या, नव्याने न रंगवलेल्या गाडीने तो मान घेण्याची ही पहिलीच वेळ. तिथे दशकानुदशकं आरशासारख्या रंगाच्या गाड्या जिंकत आल्या, हे ध्यानात घेतलं तर हा बदल केवढा मोठा आहे ते कळेल. आपल्याकडे हे वारं अजून पुरतं पोचलेलं नाही. आजोबांच्या फियाटचा मूळ रंग जागोजाग शाबूत असताना ती चकचकीत लाल करून आणणारे बरेच आहेत. त्यात वर्षभर जातं आणि आजोबांची गाडीही जाते.

म्हणून अंदाज द्यायचाच तर मी असा देईन. गाडी धडधाकट आहे, फक्त उभी राहिलीय: ब्रेक, पेट्रोल लाइन, टायर, वायरिंग बघून ती तीन ते सहा महिन्यांत सुरक्षित चालती होते. पत्रा कापावा लागणार, रंग नवा, इंजिन खोलायचं, पण स्पर्धेत न्यायची नाही: चांगलं गॅरेज आणि पैशांची सोय असेल तर दीड ते अडीच वर्षं. प्रत्येक स्क्रू मूळसारखा हवा तर तीन वर्षांच्या आतली तारीख स्वीकारू नये. यात रस्त्यावरचा काळ मी धरलेला नाही. नवीन पिस्टन रिंगा बसायला, गळती दिसायला, सैल झालेले बोल्ट पुन्हा आवळायला पहिले हजार किलोमीटर जातात, आणि हौशी माणूस ते करायला एक अख्खा हिवाळा घेतो.

कागदपत्रांचं काम शेवटी ठेवायची आपली सवय मोडायला हवी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या बिगर-व्यावसायिक गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे पद्मिनीत दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन बसवून झाल्यावर या नोंदणीचा विचार करण्यात अर्थ नाही. ही गाडी रोजच्या कामाला काढताही येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ज्याला गाडी रविवारी लोणावळ्यापर्यंत न्यायचीय त्याने नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करावं, हरित कर भरावा आणि चासी नंबरची पट्टी रंगाखाली गाडली जाणार नाही हे डेंटरला आधी बजावावं.

आणि आज कुणी डिलाइट किंवा पद्मिनी करायला घेत असेल, तर त्याने पहिले सहा महिने पाना उचलूच नये. आधी सीएसटी रोडच्या दुकानांत काय शिल्लक आहे ते बघावं आणि रबरी सामान, काचा, ब्रेकचे सिलिंडर, वॉटर पंप असं जे मिळेल ते दोन-दोन घेऊन ठेवावं. दारांची हँडलं सापडली तर किमतीवरून घासाघीस करत बसू नये.